दोर

रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसते,
त्रोंदुर दुसऱ्या.
सात वर्षं मी त्याची मान पाहत आलेय:
कानामागचा तीळ, कॉलरची झिजलेली कड.
प्रार्थनेत ऋणांची ओळ आली
की माझा आवाज आपोआप खाली उतरतो.

दोर नेला होता त्यानं, आमच्या हानुसचा.
साठ हात लांब, टोकाला निळ्या दोऱ्याचा गुंडाळा.
"उद्या देतो," म्हणाला.
हानुस गेला त्याच हिवाळ्यात.
दोर काही आला नाही.
मागायला जावं, तर विधवेनं दोरासाठी दार वाजवलं
हे संध्याकाळपर्यंत सतराही घरांत पोचलं असतं.
फॅरो बेटांवर वारा एवढंच काम मन लावून करतो.
न मागावं, तर तो दोर रात्री
माझ्या उशाशी वेटोळं घालून बसायचा.

शाळेच्या स्वयंपाकघरात असते मी.
चाळीस पोरांचे बटाटे सोलताना
देवाशी बोलते, मोठ्यानं नाही.
सालीबरोबर थोडा राग निघेल असं वाटतं,
आणि बटाटे संपतात.
पाळक म्हणतात, श्रद्धा म्हणजे दिवा.
असेल.
माझी बहुधा ओल्या मोज्यांसारखी आहे,
रोज शेगडीवर वाळत घालायची,
रोज पुन्हा भिजलेली.

ऑक्टोबरातली रात्र. धुकं पार उंबऱ्यापर्यंत.
दारात मारिता, बूट उलटसुलट घातलेले:
"मेंढी अडकलीय कड्यावर. हा एकटाच उतरतोय."

नव्याण्णव सोडून एकीमागे जाणारा मेंढपाळ
मला लहानपणापासून माहीत आहे.
रविवारच्या शाळेत रंगवलाय मी त्याला,
निळा झगा, रेघेबाहेर गेलेला.
त्रोंदुरकडे नव्याण्णव नाहीत. अकरा आहेत.
झगाही नाही.
एक गुडघा आहे, दुखरा.

मी गेले.
प्रेमानं गेले असं समजू नका.
चढावर मी जे जे पुटपुटले
ते कुठल्याच प्रार्थनेत बसणार नाही.

टॉर्चच्या उजेडात त्यानं पिशवीतून दोर काढला.
मी टोक पाहिलं.
निळा दोरा.
मी पाहिलं, हे त्यानं पाहिलं.

खाली समुद्र दिसत नव्हता,
नुसता श्वास घेत होता.
मेंढी खोकली.
आम्ही कोणीच काही बोललो नाही.
मी दोर त्याच्या कमरेला बांधला,
हानुस बांधायचा तसा, दोन पेच सुलटे, एक उलटा.
दुसरं टोक पाठीमागून घेतलं, मारिताला मागे धरायला लावलं,
आणि टाचा गवतात रोवल्या.

नव्वद किलोचं माझं येणं
अंधारात लोंबत होतं.
ऋण सोडावं, असं शिकवतात ना?
सोडणं त्या घटकेला फार सोपं होतं,
बोटं उघडली की झालं.
म्हणून धरलं.
तळव्यांची सालं निघेपर्यंत धरलं.
सोडणं म्हणतात ते कदाचित यालाच,
कोण जाणे. विचार करायला तेव्हा हात मोकळे नव्हते.

मेंढी वर आली आणि आभार न मानता पळाली.
मागून तो, चिखलानं माखलेला.
"रान्वा," म्हणाला,
आणि पुढचं वाक्य तिथंच धुक्यात ठेवून
लंगडत खाली निघाला.
दोर त्याच्याच पिशवीत गेला.
हो, त्या रात्रीसुद्धा.

सोमवारी मिठाच्या पाण्यात तळवे असे झोंबले
की बटाट्यांशीच भांडले मी.

रविवारी ऋणांची ओळ आली.
म्हटली. अख्खी, इतरांच्या आवाजात.
पुढच्या बाकावर तीच मान, तोच तीळ,
आणि कोटाच्या खांद्यावर
लोकरीचा एक पुंजका अडकलेला.
हात पुढे करून मी तो काढला.
तो वळला नाही. कान मात्र लाल झाला.

दोर अजून त्याच्याकडेच आहे.
मला तो हवाय, खोटं कशाला बोलू.
मोजे वाळत घालायचेत.