टाचेखाली

देवबागच्या खाडीत ओहोटीला
आम्ही बायका पायांनी तिसऱ्या शोधायचो.
हात टोपलीला, तोंडाने गप्पा,
आणि खाली चिखलात अंगठा आपलं काम करत असे:
हा खडा, हे रिकामं शिंपलं, ही जिवंत.
चाळीस वर्षं तो एकदाही चुकला नाही.

आता तो माझा आहे असं फक्त दिसतं.

आधी मुंग्या आल्या. रात्री, अंथरुणात.
मग मिरची वाटून लावावी तशी आग,
चादर टेकली तरी नको वाटायची.
मग एके दिवशी काहीच नाही.
मला वाटलं, बरी झाले.

मालवणच्या दवाखान्यात शगुफ्ता मुकादम नावाची मुलगी
स्टीलचा काटा वाजवून घोट्यावर टेकवते.
"थरथर कळते का, मावशी?"
मी तिच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखू बघते,
शाळेत शेजारणीच्या पाटीत डोकवायचे तशी.
"डोळे मिटा," ती म्हणते.
डोळे मिटले की मी पोटरीशी संपते.

ती रक्ताभिसरण म्हणाली.
मी म्हटलं, कळलं, सुकती-भरती.
नाही, म्हणाली, हे चंद्रावर सोडून चालणार नाही,
हे पाणी तुम्हीच ढकलायचं.

म्हणून रोज सकाळी ओट्याला धरून
टाचा वर, टाचा खाली,
कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत.
मग लादीवर पंचा पसरायचा
आणि रापण ओढावी तसा बोटांनी ओढायचा.
पाच गडी इकडे, पाच तिकडे,
करंगळी नेहमीची कामचुकार.
मग एका पायावर, दहा आकडे.
सातव्याला मी खिडकीचा गज धरते.
नवरा पेपरातून मान वर न करता म्हणतो,
"बगळो इलो."

नसा परत जाग्या होतील का, विचारलं.
शगुफ्ता खोटं बोलत नाही.
"पडाल कमी. झोप लागेल. उरलंय ते टिकेल, बहुतेक."
या भावात मी बाजारात मासळी तशीच टाकून उठले असते.
इथे घासाघीस करायची कुणाशी?

अंघोळीचं पाणी कोपराने बघते,
तान्ह्या बाळासाठी बघायचे तसं.
रात्री आरसा खाली ठेवून तळवे वाचते:
चीर, फोड, काटा.
माघात जत्रेहून येताना
एक चप्पल पायातून सुटली, मी चालतच राहिले.
हेरंब ती घेऊन मागून धावत आला, हसत,
आणि माझ्याजवळ पोचल्यावर हसला नाही.

कार्तिकात मोठी ओहोटी लागली,
इंदू मेतरने कुंपणावरून हाक मारली.
हेरंबाचे जुने फुटबॉलचे बूट घट्ट बांधून
मी उतरले. शगुफ्ताला विचारलं नाही.
पाणी गुडघ्याशी आलं तेव्हा समजलं, गार आहे.
बरं वाटलं. गुडघे अजून घरचे आहेत.

इंदू पायाने शोधत होती, तोंडाने सुनेच्या तक्रारी.
मी ओणवी होऊन हाताने, मुकाट्याने.
तिची टोपली निम्मी. माझ्या सहा.
मग ती बोलता बोलता थांबली,
तिचा अंगठा माझ्या बुटाच्या कडेशी अडखळला होता.
"हलू नको गो. तुझ्या टाचेखाली आसा."

मी हलले नाही.
ती वाकली, बैलाचा खूर उचलावा तसा
माझा पाय उचलला,
दुसऱ्या हाताने चिखल उकरला,
आणि तिसरी माझ्या टोपलीत टाकली.
"सात," म्हणाली,
आणि सुनेचं पुढे चालू केलं.