शंभराला एक

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
मामाचं पॅटर्नचं दुकान.
पाटीवर होतं: ईश्वरा सुतार, सर्व प्रकारचे साचे.
मधलं आडनाव गंजानं खाल्लं,
तेव्हापासून नवखं गिऱ्हाईक पाटी वाचतं,
दारातच चप्पल काढतं आणि मग हसतं.
मामा मान वर करत नाही.
कानावर पेन्सिल, भुवयांवर सागवानाचा भुसा.

त्याच्याकडं एक खोटी पट्टी आहे.
तिचे शंभर मिलिमीटर
खरे एकशे एक भरतात.
निवताना लोखंड आकसतं, शंभराला एक,
म्हणून साचा आधीच मोठा धरायचा.
पाचवीत मी ती पट्टी भूमितीला नेली होती.
बाईंनी सगळ्या रेघा चूक दिल्या.

आता मी युनिव्हर्सिटीत, फिजिक्सला.
सोमवार होता, सुट्टीचा वार,
एकाही फौंड्रीचा धूर नव्हता.
मी सांगत होते,
मामा, सुरुवातीला सगळं दाटीवाटीनं, धगधगतं,
तुमच्या क्युपोलातला रस त्यापुढं बर्फ,
मग पसरत गेलं, निवत गेलं, अजून पसरतंय.

"निवतंय आणि वाढतंय?
मग पट्टी उलटी लागंल की गं.
साचा ल्हान धराय पायजे."

मी हसले. मग म्हटलं,
पण साचा होताच कशावरून?

त्यानं रंधा खाली ठेवला.
"हे बघ. साचा वाळूत दाबायचा,
हलक्या हातानं ठोकून सैल करायचा,
आणि उचलून घ्यायचा.
उचललाच न्हाई, तर रस ओतायचा कुठं?
मागं ऱ्हाती ती नुसती जागा.
आता त्या जागंत डोकावून
साचा न्हवताच म्हणशील, तर म्हण बापडे."

पण मामा,
पंचगंगेच्या काठाला वाळूत खड्डे पडतात,
वाटीसारखे, गोल, गुळगुळीत.
तिथं कुणी साचा दाबला?
भोवरा फिरतो, पाणी उतरतं, झालं.

तो बराच वेळ गप्प.
सुपारीचं खांड या गालातून त्या गालात.
"ते बी खरंच हाय," म्हणाला,
आणि मला वाटलं मी जिंकले,
आणि जिंकून काही बरं वाटलं नाही.

मग त्यानं फळीखालून पंपाची एक बॉडी ओढली,
शिरोलीहून परत आलेली,
खडूनं मारलेली फुली.
"हात लाव."
लोखंडावर लाकडाच्या रेषा होत्या.
सागाची शिरा, एक गाठसुद्धा,
झाड तुटून वर्षं झाली असतील,
लोखंडात मात्र जशीच्या तशी.
"लाखेचा एक हात कमी मारला मी.
साचा चोख असता तर कुणाला कळतं,
हे कोण सुतारानं केलं का आपसूक झालं?
चुकलो, म्हणून घावलो."

मी मोबाईल काढला.
आभाळाच्या पहिल्या उजेडाचा नकाशा दाखवला,
निळे-तांबडे ठिपके, अंडाकृती.
सगळीकडं सारखंच तापमान, म्हटलं,
फरक फक्त लाखाला एक.
तेवढ्या खरबरीतपणातूनच पुढं सगळं,
तारे, जोतिबाचा डोंगर, तुम्ही, मी.
तो फरक कशानं पडला, त्याची गणितं आहेत,
ती मी करते, ती सुटतात,
आणि गणिताचे नियम कुठून आले विचारलं
की आमचे सर घड्याळ बघतात.

मामानं चष्मा पुसला, बनियनला,
म्हणजे आणखी मळवला.
स्क्रीन डोळ्यांजवळ धरली,
अंगठ्यानं चाचपली, जणू शीर लागेल.
स्क्रीन सरकली, नकाशा मोठा झाला,
ठिपके आणखी ठिपके झाले.

"लाकडाची म्हणावी तर न्हाई," तो पुटपुटला.
"वाळूची म्हणावी तर तसंबी न्हाई."

बाहेर चहावाल्यानं शटर अर्धं वर केलं.
फोन परत देताना मामानं विचारलं,
अगदी धंद्याच्या आवाजात:

"एवढं खरबरीत निघालं,
तरी माघारी कुणी धाडलं न्हाई?"