तिसरं पान

मे महिन्यातला बुधवार.
ओहायो नदी चढलेली, तपकिरी,
आणि कँटीनच्या टीव्हीवर, आवाज बंद,
कोणीतरी कशावर तरी सही करत होतं.
ड्वेन म्हणाला, हे आपल्याबद्दल आहे.
आम्ही हसलो. आपल्यासाठी वॉशिंग्टनमध्ये
कुणी कधी पेनाचं टोपण काढलंय?

पण खरंच आमच्याबद्दल होतं.
धंद्याचं गुपित कुणी पळवलं
तर आता थेट केंद्राच्या कोर्टात जाता येणार.
वरच्या सभागृहात एकानंही नाही म्हटलं नाही.
खालच्यात दोघांनी म्हटलं.
ते दोघे कोण, हे मला उगाचच
दिवसभर विचारावंसं वाटत राहिलं.

जूनमध्ये वकीलबाई आल्या, मिस टॅलकॉट,
क्लीव्हलंडहून, करड्या गाडीतून.
पॅकिंगच्या खोलीत, बशांच्या खोक्यांवर
ओळीनं बसवलं आम्हाला.
प्रत्येकी चार पानं. सही इथे, इथे, आणि इथे.
ग्लेन पूलचं नाव कुणी काढलं नाही,
तरी खोलीत तोच होता:
विक्रीतला ग्लेन, पेनसिल्वेनियातल्या कंपनीत गेला
आमची वही घेऊन, म्हणे, डब्याच्या पिशवीतून.

वहीनं त्याचं काही भलं झालं नाही.
त्यांचा निळा अजून शाईसारखाच येतो.
पहाटे सहाला घरी परतताना
पुलाखाली पाणी दिसतं, तसा नाही येत.

वहीत वजनं आहेत. कोबाल्ट इतकं,
हाडांची राख इतकी, फेल्डस्पार इतका.
माझं नाक नाही वहीत.
माझी आई याच पिंपापाशी उभी असायची,
कोपरापर्यंत निळी,
आणि म्हणायची, नोरीन, वास बदलला की थांब.
कसला वास, तर...
नाही. सही केली आहे मी.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
या कागदांत ती किती लाखांची,
तो आकडा मी वाचला
आणि माझ्या पगाराच्या चिठ्ठीशी
त्याचं काही नातं जुळेना.

मी विचारलं, बाई, गुपित कुणाचं?
म्हणाल्या, कंपनीचं.
मी म्हटलं, आणि नाक?
हसल्या. तशा चांगल्या होत्या. घड्याळ पाहिलं.

तिसरं पान त्यांनी भरभर वाचलं होतं,
ओळखीच्या घरावरून कुणाला न भेटता
पुढे निघून जावं तसं.
मी ते घरी आणलं. एमेट झोपल्यावर
ओट्यापाशी, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचलं:
कायदा मोडला जात असल्याचा संशय आला,
आणि तेवढ्यासाठीच, खाजगीत,
सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला सांगितलं,
तर गुपित फोडल्याचा ठपका येणार नाही.

पुन्हा वाचलं.
फ्रिज घुरघुरत होता.

गुरुवारी रात्रपाळीत
पिंपांचे तळ धुतात, आणि पाइप
मागच्या चराकडे वळवतात.
चर कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे.
'मांजर बाहेर सोडून ये' म्हणतात त्याला.
ते कुठल्याच वहीत नाही.
मीही सोडलं आहे मांजर. दोनदा.
दोनदापेक्षा जास्त.

हे धंद्याचं गुपित, की नुसतंच गुपित?
मिस टॅलकॉटना हे विचारायचं सुचलं नव्हतं.
चारशेच्या वर माणसांनी मिळून
एवढं जाडजूड कुलूप घडवलं,
आणि त्यातल्याच कुणीतरी
कडेला ही बारीक फट राहू दिली.
चुकून राहिली नसेल.

हात धुतले. नखांतला निळा निघत नाही,
तीस वर्षांत निघाला नाही.
पानाची चौघडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवली;
एमेट तिथे कधी बघत नाही.

आज गुरुवार.
पाळीवर निघाले, पुलावर गाडी जरा हळू केली.
खाली एक पोरगं गळ टाकून बसलं होतं,
शेजारी बादली.
बादलीत काही होतं की नव्हतं,
वरून कळत नव्हतं.