सहा आकडे

पाकीट पातळ होतं, कडेला फाडायच्या रेघा.
पत्ता इंग्रजीत, पिनकोड शेजारच्या तालुक्याचा,
तरी आलं. असलं काही माझ्याच पिशवीत येतं.
सायत्रा नान्हे, मुक्काम चिचटोला.
ती दारात जाळ्याची भोकं विणत होती.
"कोरटाचं हाये का जी?"
या घरात पाकीट म्हणजे
एक तर कोर्ट, नाही तर कुणी गेलं.

आत सहा आकडे. बाकी काही नाही.
भाची धावत आली, डिलेश्वरी, बारावीत एकदा बसलेली,
आकडे मोबाइलात घातले नि म्हणाली,
"मावशी, आता कंपनीले पटलं का तू हायेस."
"मंग आतापावतर का होती मी?"
कुणीच उत्तर दिलं नाही.

सायत्रा बोडीत उतरते, कमरेइतक्या पाण्यात,
डोळे मिटते, देवधानाच्या मुळांशी हात घालते
आणि मरळ वर काढते, जशी पेटीतून लुगडं काढावं.
डिलेश्वरी पाळीवर उभी. फोनच्या भेगेवर चिकटपट्टी.
सायत्रा व्हिडिओत एक शब्द बोलत नाही.
म्हणून चालतो तो कुठल्याही मुलखात.

मला हिशेब कळतो.
टपाल वाटायच्या आधी बारा उन्हाळे
तेंदूच्या फळीवर पुडे मोजलेत मी.
सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा भाव,
फाटकं पान बाजूला.
इथं हजार बघणाऱ्यांचा भाव,
आणि बघणारा कुठल्या देशात बसलाय
त्यावरून पान चांगलं की फाटकं.
शंभर डॉलर भरेस्तोवर तळ्याचं तोंड बांधलेलं.

फोनात नकाशा आहे.
भारत गडद, अमेरिका फिकी,
आणि आफ्रिकेच्या उजव्या अंगाला
एका मोठ्या तळ्याकाठी गर्द निळा डाग.
तिथला एक जण रोज लिहितो, बराका नावाचा.
फोन त्याचं हिंदी करून देतो, मोडकंतोडकं:
"मेरी नानी का हाथ ऐसा था."
तोही मासोळीचेच व्हिडिओ करतो.
त्याच्या हजाराला म्हणे चहासुद्धा येत नाही,
म्हणून शेवटी दुकानाची साबणवडी हातात धरतो,
दुकानदार फोनवरच पैसे टाकतो.
सायत्रानं हे ऐकून बराच वेळ जाळं विणलं.
मग म्हणाली, "त्याचीबी पानं फाटकीच धरली का?"

तिच्याकडेही आला होता एक मसालेवाला, तिरोड्याहून.
पुडी पाण्यात धरून हसायचे पाचशे.
धरली तिनं. हसली नाही.
त्यानं तीनशेच दिले.

पावसाळा सरता सरता पहिली रक्कम पडली:
आठ हजार नऊशे चाळीस.
बँक तेवीस किलोमीटर. मी मशीन घेऊन गेलो.
आधार नंबर, बँकेचं नाव, आता अंगठा.
लाल दिवा.
पुसून लावला. लाल.
राखेनं घासला, डावा लावला, उजवं बोट, मधलं बोट.
अकरा लाख लोकांनी पाहिलेला हात तो,
आणि मशीनला त्यावर एक रेघ सापडेना.
खवल्यांनी नि पाण्यानं सगळं गुळगुळीत करून टाकलेलं,
धुण्याच्या दगडासारखं.

मी म्हटलं, "चार दिवस पाण्यात जाऊ नको, बाई.
कातडी सुकू दे, रेघा येतील. मग लावू."
ती माझ्याकडे बघत राहिली,
लहान पोरानं काही खुळ्यासारखं विचारावं तसं.
"चार दिस पानीत नाही गेली,
त मंग पैसे कायचे?"

डिलेश्वरीचा फोन तोवर चालूच होता.
बंद कर म्हटलं. तिनं नाही केला.
त्या व्हिडिओत मी दिसतो, टोपीसकट,
मशीन शर्टाच्या बाहीला पुसताना.
परवापर्यंत चार हजार जणांनी बघितलं.
निम्मे त्या तळ्याकाठचे.