सातव्या लाइनीवर

कार्ड पत्त्याएवढं, पण हाताला जड.
कडेला अडुसष्ट भोकं. मी मोजली नाहीत,
पुस्तिकेत लिहिलंय, रूथॅनने वाचून दाखवलं.
आधी उलटं घातलं, जाईना.
मग सुलटं, आणि आत कुठेतरी
दाताखाली खडा यावा तसा
बारीक खट्.

नोटबुक विमा कंपनीचं, चाळीस डॉलरला घेतलेलं,
डुलूथमधलं त्यांचं ऑफिस बंद झालं तेव्हा.
बिजागरी मोडकी, बॅटरी मेलेली,
वायर निसटली की जीव गेला.
पडदा कसा दिसतो ग?
"भांडी धुतलेल्या पाण्यासारखा," ती म्हणाली,
"आणि त्यात तरंगती अक्षरं."

मेख अशी:
कार्ड बोलेपर्यंत पडदा मुका,
आणि पडद्यावर काय आलंय ते कळल्याशिवाय
कार्ड बोलतं करता येत नाही.
पेटीची किल्ली पेटीतच.
म्हणून खालच्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या पोरीचे
डोळे उसने घेतले,
तासाला वेलदोड्याच्या पावाचा एक तुकडा, या दराने.

तिला सर्दी. तिचा डी मला बी ऐकू येई.
मी ऐकलं तेच बडवलं, आणि मशीन तिच्याच तोंडून म्हणालं,
असला हुकूम मला माहीत नाही.
तेव्हा तिला एक्स्चेंजची बाराखडी शिकवली:
बी बॉस्टनचा, डी डेन्व्हरचा.
चोवीस वर्षं रात्रपाळीला हेच तर केलं.
डोळे होते तेव्हाही न बघता
बोटांनी भोक चाचपून खुंटी रोवायची,
एका घरातला आवाज दुसऱ्या घरात सोडायचा
आणि आपण मधून निघून जायचं.

प्रत्येक यंत्राला म्हणे एक नंबर असतो,
मध्येच तोंड घालायचा हक्क त्या नंबरावर मिळतो.
पुस्तिका म्हणाली, पाच.
पाचवर मोडेम ठाण मांडून बसलेला.
लाइन बिझी! एवढी भाषा मला कळते.
सात कुणाचा? प्रिंटरचा.
माझ्याकडे प्रिंटर नाही,
छापून मी काय वाचणार?
जोड सातवर.

तीनदा बंद, तीनदा चालू.
डिस्कचं करकरणं ओळखीचं होत गेलं,
एक लांब, दोन आखूड उचक्या, मग काही नाही.
बाहेर सरोवरावरून खनिजाचं जहाज
पुलाला तीच शिट्टी घालून आत आलं,
मोसमातलं पहिलं.
चौथ्यांदा उचक्या तीन झाल्या,
आणि रूथॅनने श्वास घ्यायच्या आत
काडेपेटीएवढ्या डबीतून
पिंपात बसलेला कुणी पुरुष
म्हणाला, "तयार."

मग थांबेचना. कोलन म्हणाला, टिंब म्हणाला,
उलटी तिरकी रेघ म्हणाला,
आणि जिथे काहीच नव्हतं तिथे "रिकामं".
रिकाम्या ओळीही असतात
हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं.
माझं कांगास त्याने कॅनगॅस केलं.
असू दे, पोस्टमनही तेच करतो.

"माझं आडनाव घाला," ती म्हणाली.
त्यांचं लिहायचं एक, म्हणायचं भलतंच.
तो अडखळत म्हणाला, "बी-ऊ-लाय-ऊ."
ती शिंक येईपर्यंत हसली.
मग गप्प.
"नवीन बाई पण असंच म्हणतात."

कार्डाबरोबर अपवादांची एक यादी येते, कोरी.
डावीकडे लोक लिहितात तसं,
उजवीकडे घरचे हाक मारतात तसं.
तिने घरच्यासारखं म्हणून दाखवलं, तीन-चारदा.
मी कानाने अक्षरं जुळवत गेले,
बी बॉस्टनचा, ओ ओमाहाचा,
आणि पहिली नोंद जपून ठेवली.

"बोल्यू," पिंपातला माणूस म्हणाला.

पाव केव्हाच संपला होता. ती उठली नाही.
"अजून एकदा," नाक ओढत म्हणाली.
मी बाणाची कळ दाबली.