तिसरी खाच

डावीकडे दोन हजार चारची शेपटी.
उजवीकडे परवाची.
मधे पडद्यावर बोटभर काळी पट्टी,
ती ओलांडताना
दर वेळी काहीतरी सांडतं.

डोळा सगळं एकदम उचलत नाही.
ओंजळीत मावेल तेवढंच,
एक खाच, तिच्या शेजारचा पांढरा ओरखडा,
घेऊन निघतो पलीकडे.
पोचेपर्यंत ओरखडा कुठे झुकला होता ते विसरतो.
पुन्हा मागे.
दुपारभर अशा खेपा.

यंत्रानं अकरा शेपट्या काढून दिल्यात,
टक्केवारीसकट.
पहिलीला एक्याऐंशी.
मी तिला नाही म्हणाले. आधी म्हणाले,
कारण नंतर शोधलं:
डाव्या टोकाचा बाक जरा आळशी आहे.
वहीत ‘आळशी’ लिहिता येत नाही.
लिहिलं, कडेचा आकार जुळत नाही.

चारच्या सुमाराला बेलार्मिनो येतो,
माझ्या हीटरवर मोजे वाळवायला, असं तो म्हणतो.
लाजेसच्या वरच्या टेकडीवर, टेहळणीच्या खोलीत,
भिंतीतल्या आडव्या फटीतून
त्यानं सदतीस वर्षं समुद्र राखला.
फवारा दिसला की दारूचा बाण सोडायचा,
आणि गावातले पुरुष भरल्या ताटावरून उठून
होड्यांकडे पळायचे.
आधी देवमासे मारायला.
नंतर पर्यटकांना दाखवायला.
फट तीच.

डावीकडे झुकलेला फवारा आपला, दातवाल्याचा.
सरळ उंच गेला तर जाऊ दे.
दहा मैलांवरून.
कसं ओळखायचास, विचारलं तर म्हणाला,
तू आईला कशी ओळखतेस,
नाक मोजून?

आज त्याच्यापुढे परवाची शेपटी ठेवली.
पापणी लवायच्या आत म्हणाला, ही लंगडी.
बुडताना उजवं पातं जरा मागे ठेवते,
निघता निघता
कुलूप पुन्हा ओढून बघणाऱ्या बाईसारखी.

फोटोत बुडणं नव्हतं.
एक थिजलेला क्षण होता,
पाण्याचे चार थेंब हवेत तसेच राहिलेले.
तरी त्याला ती बुडताना दिसली.

मग मी जुनी शोधायला गेले
आणि भलतीच कळ दाबली गेली.
दोन्ही शेपट्या उलट्या झाल्या, टोकं खाली.
खाचा त्याच. ओरखडे तेच.
एकही कमी नाही.
बेलार्मिनो गप्प.
मान वाकडी केली. चष्मा सदऱ्याला पुसला.
ही कोण?
नव्वदीला टेकलेला माणूस,
परक्या गावात चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखा.

आणि मला नेमकी तेव्हा दिसली,
उजव्या पात्याच्या मुळाशी, दोन्हीकडे,
तिसरी खाच.
सुलट्यात मी तिच्यावरून
चाळीस वेळा तरी गेले असेन.
सुलट्यात शेपटी शेपटीसारखी दिसत होती,
म्हणून बघायचं राहून गेलं होतं.

कळ पुन्हा दाबली.
हां, लंगडीच की, तो म्हणाला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मधली दोन मिनिटं मीच कुठेतरी लपवली होती.

नोंद केली. जुळते.
खाचा तीन, उजवी बाजू.
‘ओळख कोणी पटवली’ हा रकाना एकाच नावापुरता.
मी पेन धरून बसले.
तो म्हणाला, तुझंच लिही,
माझ्या नावाचं स्पेलिंग तुला येत नाही.

मोजे अजून दमटच होते.
त्यानं तसेच चढवले, उजवा आधी.
दाराबाहेर पिकोचा डोंगर नव्हता,
सकाळपासून ढगात होता.
तरी जिन्यावर थांबून आम्ही दोघांनी
तो असतो तिकडे पाहिलं,
आणि दोघांचीही मान
एकाच उंचीवर थांबली.