कुळयेंची बॅटरी

कुळये तिला बॅटरीच म्हणतात.
मी टॉर्च म्हणतो, सेलला सेल,
आणि भिंगामागे बसलेल्या
मसुराएवढ्या पिवळ्या चौकोनाला एमिटर.
"असेल," कुळये म्हणतात, "उजेड पडतो ना?"

लॅमिंग्टन रोडवरून आणलेले तीन
खिडकीत मांडले होते.
एक साडेसहा हजार केल्विनचा, झगझगीत, कडेला शेवाळी;
त्याच्याखाली माझा तळवा
शवागारातून आणल्यासारखा.
दुसरा लांब पल्ल्याचा:
चुनाभट्टीच्या गच्चीवरून समोरच्या टॉवरमध्ये
एकविसाव्या मजल्यावरचा टॉवेल दिसावा.

कुळयेंना दोन हातांवरचंच बघायचं असतं.
खड्ड्यातला व्हॉल्व्ह, त्याचे आटे,
बाटलीत धरलेलं पहिलं पाणी:
गंजाने लाल, की गटाराने काळपट?
"एवढं खरं सांगेल का ही?"

म्हणून तिसरा. चार हजार केल्विन,
लाल रंगाला जागणारा.
लुमेन तिसऱ्या हिश्शाने घटले
आणि मी चुकचुकलो,
मोठ्या आकड्याचा मोह सुटत नाही.

इस्त्री उलटी ठेवली, तांब्याची चकती तापवली.
कथील लकाकलं
आणि एमिटर आपणहून सरकला, जरा वळला,
मांजर बसण्याआधी वळतं तसा,
बसला.
"उद्या याच इस्त्रीने युनिफॉर्म करायचाय," हर्षला म्हणाली.

ड्रायव्हर मात्र स्वस्तातला घातला.
सेल देतो चार पूर्णांक दोन व्होल्ट,
एमिटर मागतो तीन,
मधलं सगळं मुठीत ऊब होऊन जातं.
गंमत अशी, सेल दमतो तसा हा हिशोब सुधारतो,
म्हातारपणी काटकसर सुचावी तसा.
ते मला पटलं. दोनशे ऐंशी रुपयेही वाचले.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला कुळये दारात,
पँट गुडघ्यापर्यंत ओली.
"बॅटरी खोटं बोलते."
रंग?
"रंग ठीक. पाणी थांबतं."

मोरीतला नळ त्यांनी बारीक सोडला,
दिवा मालवला, टॉर्च अगदी खालच्या पायरीवर आणला,
आणि धार तुटली.
मणी, हवेत उभे.
दोन-तीन तर वर चढताना दिसले.
"गळती अशी शोधायची?"

मला माहीत होतं. म्हणजे, असायला हवं होतं.
तो ड्रायव्हर प्रवाह कमी करतच नाही,
पूर्ण पेटवतो, पूर्ण विझवतो,
सेकंदात दोनशे वेळा.
डोळा सरासरी काढतो.
पाणी काढत नाही.

पण इतका मंद कशाला लावता? मी विचारलं, जरा रागानेच,
हजार लुमेन दिलेत की.

"खड्ड्याला लागून कासकरांचा पोरगा झोपतो.
घरात जागा नाही. बारावीला आहे.
पावणेचारला त्याच्या तोंडावर ऊन पाडू?"

रविवारी दुसरा ड्रायव्हर बसवला,
अखंड प्रवाहाचा.
सर्वांत खालची पायरी अर्धा लुमेन.
तिथे तो उजेडाला देतो जेवढं
जवळजवळ तेवढं स्वतःच खातो.
वहीत आकडा लिहिला, त्रेपन्न टक्के,
आणि खोडला नाही.

पुन्हा नळ. धार सरळ, दोऱ्यासारखी, खाली.
कुळयेंनी तरी बोट घालून पाहिलं.
"पैसे?"
आधी वापरा, म्हटलं.

त्यांनी टॉर्च खिशात टाकला,
व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर घेतली.
आमच्या जिन्यातला बल्ब महिनाभर गेलेला.
मी कठड्यावरून वाकून बघत राहिलो,
आता लावतील, आता लावतील.

पायऱ्या त्यांना पाठ होत्या.